बाबांच्या प्रश्नाला उत्तर : विस्कॉन्सिनमधील हरणांचा हंगाम

मॅडिसन, विस्कॉन्सिन
२६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दिवाळीला फोनवर मी यंदा प्रथमच हरणांच्या शिकारीला जाणार असल्याचे सांगितले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. ज्या गुन्ह्यासाठी माणसांना कोर्टात उभे करण्यात माझी सारी नोकरी गेली, तेच काम तू परवाना काढून करणार का, एवढेच विचारलेत. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने असे विचारावे हे योग्यच आहे, आणि त्याचे उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि विदर्भातल्या जंगलांपुरते बोलायचे तर ते अगदी बरोबर झाले, कारण तिथले चितळ आणि सांबर हे वाघाचे आणि रानकुत्र्यांचे अन्न आहे. माणसाने त्यात वाटा मागणे म्हणजे वाघाच्या तोंडचा घास काढणे होय. इथे परिस्थिती उलटी आहे. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात मका आणि सोयाबीनची शेते, त्यांच्यामध्ये ओकच्या झाडांची टेकड्यांवरची रानपट्टी, आणि हरणाला खाणारे मोठे जनावर जवळजवळ नाही. लांडगे परत आले आहेत, पण ते मुख्यतः राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलांत. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मादीला बहुधा जुळी पाडसे होतात, त्यामुळे कळप झपाट्याने वाढतात, ओकची रोपे वर येण्याआधीच खाल्ली जातात, पिकांचे नुकसान होते आणि रस्त्यांवर मोटारींना धडकून हरणे मरतात. आपल्या शेतात रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे काय करतो ते तुम्हांला सांगायला नको.

याच मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड यांनी १९४० च्या दशकात हेच लोकांना समजावण्याचा प्रयत्न केला. केवळ नर मारून कळप आटोक्यात राहत नाही, माद्याही कमी कराव्या लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९४३ साली राज्याने तशी मोकळीक दिली तेव्हा लोक त्यांच्यावर प्रचंड संतापले. आज मात्र माद्यांचे परवाने हाच इथल्या व्यवस्थेचा कणा आहे. परवान्याची फी आणि बंदुका-काडतुसांवरचा, १९३७ च्या केंद्रीय कायद्याने या कामासाठी राखून ठेवलेला उत्पादन कर (लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे) हा पैसा वन्यजीवांच्या आणि त्यांच्या अधिवासाच्या कामासाठी राज्यांकडे येतो. खात्याकडे जीपच्या डिझेललासुद्धा पैसे नसायचे, ते दिवस तुम्ही पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता हंगामाविषयी. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊच दिवसांचा असतो : थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि सणानंतरच्या रविवारी संपतो. यंदा तो २२ ते ३० नोव्हेंबर असा आहे. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासूनच सुरू झालेला असतो, पण मी त्यात पडलो नाही. या राज्यात हरणांसाठी पहिला बंदीकाळ १८५१ साली ठरवला गेला, म्हणजे हंगाम पाळण्याची सवय इथे चांगली मुरलेली आहे. या नऊ दिवसांत पाच लाखांहून अधिक लोक परवाना घेऊन रानात उतरतात, आणि एवढ्या बंदुका एका वेळी बाहेर असताना माणसे सुरक्षित परततात ती केवळ नियमांमुळे.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय स्वतंत्रपणे परवाना मिळत नाही. तो मी उन्हाळ्यात केला. लेखी परीक्षा होती आणि प्रत्यक्ष बंदूक हाताळूनही दाखवावी लागली. चार गोष्टी तिथे इतक्या वेळा म्हणून घेतात की त्या झोपेतही आठवाव्यात : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळी नेहमी सुरक्षित दिशेला असावी, लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करावी, आणि बार काढण्याची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवावे. यातली तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गोळी हरणापाशी थांबेलच असे नाही. म्हणून टेकडीच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर बार टाकायचा नाही, हे मी आधीच ठरवून टाकले आहे.

दादाने बंदुकीबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर असे की आता माझ्याकडे ग्रीनकार्ड असल्याने ती बाळगायला अडचण नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास एरवी मनाई आहे. अमेरिकेतला वैध शिकार परवाना हाती असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना हे माहीत नसते आणि मित्राची रायफल सहज हातात घेतली तरी ते अडचणीत येऊ शकतात.

रहिवाशाला बंदुकीचा परवाना २४ डॉलरला मिळतो. त्यासोबत राज्यात कुठेही एक शिंगवाला नर मारण्याची परवानगी येते, आणि आमच्याकडच्या शेतीच्या पट्ट्यात बिनशिंगी हरणाचीही. मात्र ती कोणत्या काउंटीत (म्हणजे इथल्या जिल्ह्यात) आणि खासगी जमिनीवर वापरणार की सार्वजनिक, हे आधीच निवडावे लागते. बिनशिंगी म्हणजे केवळ मादी नव्हे : ज्या नराची दोन्ही शिंगे तीन इंचांपेक्षा कमी आहेत, तोही त्यातच मोजला जातो. अंधूक उजेडात हा फरक ओळखण्यासाठी चांगली दुर्बीण लागते, आणि ती मी रायफलीच्या आधी घेतली.

वेळेचा नियम तुम्हांला आवडेल. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंतच बार काढता येतो, आणि त्याचे तक्ते इथले राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते छापून देते. उजेड टाकून हरीण मारणे हा तर इथेही गुन्हाच. शिवाय १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत रानात नुसता झोत टाकून हरणे पाहायलाही बंदी आहे. बॅटरी लावून, जीपमधून चितळ मारणाऱ्यांच्या मागे तुम्ही किती रात्री काढल्यात ते मला आठवते. तशी माणसे इथेही आहेत, आणि त्यांना पकडणारे वॉर्डनही आहेत. तो वॉर्डन रानात भेटून परवाना पाहायला मागेल तेव्हा मला परकेपणा वाटणार नाही.

हंगामात कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा तरी भाग भडक केशरी किंवा, २०१६ पासून चालतो तसा, भडक गुलाबी असावा लागतो, आणि टोपी घातली तर तिचेही तसेच. हरीण मग बिचकत कसे नाही, असे वाटेल. त्याच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा हे वेगळे दिसत नाहीत. ताडोब्यातला वाघ आपल्याला गवतात उठून दिसतो आणि चितळाला दिसत नाही, त्यामागेही हेच कारण आहे.

जागा डॉजव्हिलजवळ, आयोवा काउंटीतली आहे. जमीन ओळखीच्या एका शेतकऱ्याची. परवानगी मी लेखी घेतली आहे. शेजारच्या दोन्ही जमीनमालकांनाही जाऊन भेटलो, कारण जखमी हरीण कुंपणापलीकडे गेले तर मालकाच्या होकाराशिवाय त्याच्या मागे पाऊल टाकता येत नाही, आणि असे जनावर तसेच सोडून यावे लागणे याइतकी वाईट गोष्ट नाही. नकाशावर घरे आणि रस्ते आखून घेतले आहेत : दुसऱ्याच्या जमिनीवरील राहत्या घरापासून शंभर यार्डांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून पन्नास फुटांच्या आत बार काढायचा नाही. बुद्धपौर्णिमेच्या गणनेला तुम्ही मला पाणवठ्यावरच्या मचाणावर घेऊन जायचात, तसेच लोखंडी मचाण ओकच्या झाडाला बांधणार आहे. इथे शिकाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींमध्ये मचाणावरून पडण्याचा वाटा मोठा असतो, तेव्हा आईला सांगावे की सुरक्षापट्टा जमिनीवर असतानाच अडकवायचा आणि पुन्हा जमिनीवर आल्यावरच सोडायचा, बंदूक रिकामी करून दोरीने वर घ्यायची, असे ठरलेले आहे. गोळ्या तांब्याच्या घेतल्या आहेत. शिशाचे बारीक कण रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि ती खाणारे गरुड विषबाधेने मरतात. कायद्याने शिशाला बंदी नसली तरी तुमच्या मुलाला ते वापरवले नसते.

एका रोगाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. हरणांना खंगवून मारणारा एक रोग प्रथिनाच्या विकृतीमुळे होतो, त्यावर औषध नाही आणि तो जमिनीतही वर्षानुवर्षे टिकतो. विस्कॉन्सिनमध्ये तो प्रथम २००२ साली आमच्याच डेन काउंटीत, माउंट होरेबच्या परिसरात सापडला, आणि आयोवा काउंटी त्याच्या अगदी लागून आहे. वरून निरोगी दिसणारे हरीणही बाधित असू शकते. माणसाला हा रोग झाल्याचे आढळलेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा स्पष्ट सल्ला आहे. म्हणून हरीण मिळाल्यास मानेच्या भागासह डोके खात्याच्या पेटीत ठेवायचे. तपासणी फुकट असते आणि निकालाला साधारण दोन आठवडे लागतात. याच रोगामुळे इथे हरणांना मका वा मीठ टाकून आकर्षित करण्यास बंदी आहे, कारण एका जागी तोंडे घातली की संसर्ग पसरतो. उरलेली हाडे रानात न फेकता कचरा-डेपोतच पाठवायची.

नोंदणी सोपी असली तरी तिला मुदत आहे : हरीण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून किंवा संगणकावरून काउंटी, नर की मादी, शिंगे आहेत की नाहीत, हे सांगून पुष्टी क्रमांक घ्यायचा. या आकड्यांवरूनच पुढच्या वर्षी माद्यांच्या किती परवानग्या द्यायच्या ते ठरते, तेव्हा कुणी नोंद चुकवली तर तो सगळ्यांचा हिशेब बिघडवतो.

आईने मार्गशीर्षाची काळजी केली होती. २१ नोव्हेंबरला मार्गशीर्ष लागतो हे माझ्या लक्षात आहे. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच राहील, आणि घरात ते महिना उलटल्यानंतरच शिजेल. आम्हां चौघांना एवढे लागणार नाही, म्हणून अर्धे मांस मित्रांच्या घरी जाईल. दुसरे हरीण मिळालेच तर ते राज्याच्या हरीणदान योजनेत द्यायचे आहे. ती २००० सालापासून चालू आहे आणि ते मांस गरजूंच्या अन्नकेंद्रांत जाते.

नियमपुस्तिकेतील आयोवा काउंटीची पाने मी दादाच्या फोनवर पाठवली आहेत. तुम्ही ती चष्मा लावून नीट वाचावीत आणि काही खटकले तर हंगामाआधी कळवावे. तुमच्या शंकेमुळे एखादी सकाळ वाया गेली तरी मला चालेल. रोह्यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा झाला का, तेही लिहावे.

आईस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मुलगा