ती वाकडी गल्ली

प्रिय दोस्ता,

मागच्या वेळी फोनवर हसत म्हणालास ना, उपनगराला कसला आलाय वारसा, आपल्या आधी तिथे नुसती शेतं होती. ते डोक्यातून जाईचना. अरे शेतं होती, हाच तर इतिहास! शेवटी एक जुना नकाशा मिळवला, स्कॅन केला, न बदललेल्या चार खुणा जुळवून आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवला, आणि बघतो तर काय, आपण सायकली हाणायचो ती वाकडी गल्ली, जी उगाचच वळते म्हणून आपण शिव्या घालायचो, ती बरोब्बर एका शेताच्या बांधावर आहे. प्लॉट पडले, घरं झाली, वळण तेवढं राहिलं.

मग नादच लागला. आता आम्ही पाच-सहा जण रविवारी म्हाताऱ्या माणसांना भेटतो. 'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की सगळे गप्प, पण जुना फोटो हातात दिला की थांबतच नाहीत. दोन आजोबा विहीर कुठे होती यावरून अक्षरशः भांडले, दोघांचंही रेकॉर्ड करून ठेवलं, नंतर नकाशात विहीर निघाली तिसरीकडेच!

माझा गाढवपणाही ऐक. टिकावेत म्हणून घरचे तीन जुने फोटो लॅमिनेट करून आणले. गरम गोंदाने प्लॅस्टिक चिकटतं ते कायमचं, आता मूळ फोटो सुटा होणार नाही. नुसते ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करायचे होते.

तसंच त्या चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीचं. मजबुतीसाठी म्हणून कुणीतरी सिमेंट थापलं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं, मग क्षार फुगून विटांचे पापुद्रे सुटतात. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, व्हेनिस चार्टरमध्ये, तर लिहिलंय की नवा भरलेला भाग मूळ कामाशी जुळावा, पण वेगळा ओळखूही यावा. इथे मूळ काम दिसतच नाही, ओळखणार काय, कप्पाळ!

बरं, कामाचं. तुमच्या कपाटात गल्लीतल्या सगळ्यांचा एक ग्रुप फोटो होता बघ, काकूंना त्यातली सगळी नावं पाठ आहेत. त्यांच्याजवळ बसून एकेक विचार आणि मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिही. पेन नको, शाई पुढे उतरते. आणि पुढच्या रांगेत डोळे मिटलेला तो मीच, तेवढं मात्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझाच,
सायकलवाला