हळद माझ्याच वावरातली, तरी गोळी बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हळदीवरचा लेख वाचला. आतड्याच्या सुजेवर हळद रामबाण, असा त्याचा एकूण सूर. मी वसमत तालुक्यातला हळद उत्पादक. लोकांनी हळद जास्त खाल्ली तर चार पैसे माझ्याच खिशात पडणार. आमच्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. तरी हे पत्र लिहितोय, कारण असल्याच एका सल्ल्यापायी माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी पंधरा दिवस दवाखान्यात पडून होता.

त्याला सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, आवेबरोबर रक्त पडतं. आतड्याची सूज आवरणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्यांवर गाडी रुळावर होती, वावरातली कामं करत होता. मग कुठल्याशा आरोग्य मेळाव्यात एकानं त्याच्या हातात करक्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) आणि मिऱ्याच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली ठेवली आणि वर सांगितलं, इंग्रजी औषध आता बंद करा. भाऊ मला म्हणाला, "दादा, औषध आपल्याच वावरात पिकतंय अन् मी गोळ्यांसाठी नांदेडच्या खेपा मारतोय." मलाही ते पटलं, कबूल करतो. दोन महिन्यांत दिवसाला बारा-चौदा वेळा परसाकडं आणि हिमोग्लोबिन सातवर.

आपल्या लेखात ज्या संशोधनाचा मोघम उल्लेख होता, ते माझ्या पुतणीनं मला उलगडून सांगितलं. ती बी.फार्म.ला आहे. जपानमध्ये 2006 साली 89 रुग्णांवर चाचणी झाली. आजार शांत असलेल्या या रुग्णांना रोज दोन ग्रॅम करक्युमिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी सहा महिने दिली. सात जण वगळून मोजलं, तर करक्युमिनवाल्या 43 जणांत दोघांचा आजार पुन्हा उसळला, खोट्या गोळीवाल्या 39 जणांत आठ जणांचा. फरक चांगलाच आहे. पण यातल्या प्रत्येकाची मेसालामाइन किंवा सल्फासालाझीन ही नेहमीची गोळी चालूच होती. 2015 मध्ये तीन ग्रॅमची चाचणी झाली, तिथंही तेच: करक्युमिन मेसालामाइनच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. आणि दिल्लीच्या एम्सनं 2017 मध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर खोट्या गोळीपेक्षा काहीच वेगळं दिसलं नाही. ही आपल्याच देशातली चाचणी लेखात कशी नव्हती?

आता दोन ग्रॅम म्हणजे किती, ते हळदवाल्याकडून ऐका. हळदीत करक्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास, वाण आणि जमिनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. म्हणजे दोन ग्रॅम करक्युमिनसाठी रोज 65-70 ग्रॅम हळद पोटात जायला हवी. चार दिवसांत पाव किलो! आमच्या घरी भाजीच्या फोडणीला अर्धा चमचा पडते, तीही सहा माणसांत. फोडणीतल्या हळदीनं कोलायटिस आवरतो, असं म्हणणं म्हणजे पावशेर पाण्यात वावर भिजवणं.

मिऱ्याच्या अर्काचं तर उलटंच आहे. करक्युमिन रक्तात फार थोडं उतरतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की मिऱ्यातलं पायपेरिन सोबत दिलं तर ते वीसपट उतरतं. कॅप्सूलच्या बाटलीवर हेच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पण आजार मोठ्या आतड्याचा असेल तर जे रक्तात गेलं नाही तेच तिथवर पोचतं ना? शिवाय पायपेरिन यकृताच्या कामात लुडबुड करतं, दुसऱ्या औषधांचं प्रमाणही बिघडवू शकतं. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांना कावीळ झाल्याच्या बऱ्याच घटना नोंदल्या गेल्या.

याचा अर्थ वनस्पतींतल्या पॉलीफेनॉल नावाच्या द्रव्यांत (करक्युमिनही त्यातलंच) दम नाही, असा मुळीच नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते, डाळिंबाची साल तोंड वळवते, ते तुरटपण त्यांचंच. जांभळाचा रंगही त्यांचाच. खाल्लेल्यातले बहुतेक पॉलीफेनॉल लहान आतड्यात शोषलेच जात नाहीत, थेट मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जंतू ते फोडून त्यांची वेगळीच द्रव्यं करतात. डाळिंबापासून युरोलिथिन नावाचं द्रव्य बनतं ते असंच. मात्र ते बनवणारे जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात, त्यामुळे एकच डाळिंब दोघा भावांना सारखं लागू पडेलच असं नाही. आपल्या जवसाच्या चटणीतले लिग्नॅन, म्हणजे तेही पॉलीफेनॉलच, जंतूंच्या हातूनच कामाचे होतात. आणि आपण काय करतो? भाजलेल्या शेंगदाण्याची लाल टरफलं फुंकून उडवतो, कांद्याच्या बाहेरच्या दोन पाकळ्या उकिरड्यावर टाकतो. पॉलीफेनॉल नेमके तिथं जास्त.

पण या खाण्यालाही वेळ-काळ असतो. दुखणं उसळलेलं असताना भावाला भाकर आणि जवस सोसेना. डॉक्टरांनी महिनाभर मऊ भातावर ठेवलं. सूज उतरल्यावर हळूहळू ज्वारी सुरू केली. आणखी एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. रक्त वाढायला दिलेली लोहाची गोळी तो सकाळच्या चहासोबत घ्यायचा. महिना झाला तरी हिमोग्लोबिन हलेना. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उलगडा झाला. चहातले टॅनिन, म्हणजे तेही पॉलीफेनॉलच, लोहाला धरून बसतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. आता गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर असतं.

म्हणून विनंती एवढीच की असे लेख छापताना प्रमाण किती आणि सोबत कोणतं औषध चालू होतं, या दोन गोष्टी जरूर द्याव्यात. ज्याला शौचावाटे रक्त जातंय त्यानं आधी डॉक्टर गाठावा, ही ओळ चौकटीत टाकायला जागा फार लागत नाही.

सध्या आमच्याकडं हळद शिजवणं चालू आहे. शिजलेली हळद वाळायला पंधरवडा तरी जाईल, मग पॉलिश. भाऊ कुकरच्या वाफेपाशी उभा आहे, खिशात मेसालामाइनची पट्टी आहे. पत्र छापलंत तर कृपया रविवारच्या त्याच पानावर छापा. आमच्या गावात बाकीचे दिवस पेपर थेट शेंगदाणे बांधायला जातो.

आपला,
एक हळद उत्पादक
ता. वसमत, जि. हिंगोली