रिकाम्या चौकटीला नियमाची कुबडी नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पहिली-दुसरीच्या मुलांना घरी सोडवायला मिळणाऱ्या सरावपत्रिकांत ‘५ + □ = ८’ या धर्तीची उदाहरणे हमखास असतात, आणि ती सोडवून घेताना पालकांचा जो संयम सुटतो, त्याविषयी आपल्या दैनिकातून काही लिहावेसे वाटते. प्राथमिक शाळेत अनेक वर्षे शिकवले असल्याने निवृत्तीनंतरही शेजारपाजारची मुले वही घेऊन येतात. त्यांच्या वह्यांत या चौकटीत बहुधा ३ ऐवजी १३ लिहिलेले आढळते, त्यावर लाल फुली असते, आणि घरच्यांचे निदान ठरलेले असते की पोराचे लक्ष नाही.

वास्तविक मूल शिकवल्याबरहुकूमच वागलेले असते. तोवर त्याने केलेल्या झाडून साऱ्या बेरजांत दोन संख्या डावीकडे, मग बरोबरचे चिन्ह आणि उत्तराची जागा शेवटी, हाच क्रम असतो. त्यामुळे अधिकचे चिन्ह दिसले की दिसतील त्या दोन संख्या मिळवायच्या आणि जिथे जागा रिकामी असेल तिथे बेरीज लिहायची, असा त्याचा समज होतो. बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम नसून दोन्ही बाजूंचे मोल सारखे आहे एवढेच ते सांगते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह छापील पुस्तकात प्रथम वापरले, तेव्हा दोन समांतर रेघांहून अधिक सारख्या अशा दुसऱ्या कोणत्याच दोन गोष्टी असू शकत नाहीत, असे कारण त्याने दिले होते. या समजाची परीक्षा पाहायची असेल, तर ‘८ + ४ = □ + ५’ हे उदाहरण चौथी-पाचवीच्या मुलांना घालून पाहावे. पुष्कळ जण चौकटीत १२ लिहितात, काही जण सगळ्यांची बेरीज करून १७ लिहितात, आणि ७ लिहिणारे थोडेच निघतात. म्हणजे पहिलीत राहिलेली त्रुटी तशीच पुढच्या वर्गांत जाते आणि बीजगणितात डोके वर काढते.

यावर सोपा तोडगा म्हणून मुलांना एक नियम पाठ करून दिला जातो : ‘चौकट दिसली की मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा कर.’ शिकवण्या घेणारे तो सांगतात, पालक सांगतात, आणि नाइलाजाने काही शिक्षकही सांगतात. माझा आक्षेप आहे तो या नियमावर. ५ + □ = ८ येथे त्याने उत्तर बरोबर येते, □ + ३ = ८ येथेही येते, आणि म्हणून सगळे खूश होतात; परंतु वजाबाकीच्या पानावर ‘□ − ३ = ५’ आले की तेच मूल निमूटपणे २ लिहून मोकळे होते. मुळात काहीतरी होते, त्यातले ३ गेले आणि ५ उरले, तर आधी ८ असले पाहिजेत, हा विचार करण्याची गरज नियमाने आधीच काढून टाकलेली असते. दोन-तीन महिन्यांत खोटा ठरणारा नियम शिकवण्यापेक्षा आठवडाभर उत्तर चुकलेले परवडले.

मग करावे काय? दहा चिंचोके मोजून मुलासमोर ठेवावेत, त्याने डोळे मिटल्यावर काही वाटीखाली झाकावेत आणि चार बाहेर ठेवून विचारावे की वाटीखाली किती असतील. मूल आधी अंदाजाने काहीतरी ठोकून देईल, मग बाहेरच्या चारांपुढे बोटांवर ‘पाच, सहा, सात...’ असे दहापर्यंत मोजेल आणि उभी राहिलेली बोटे सहा आहेत हे त्याचे त्यालाच दिसेल. नंतर वाटी उचलून त्याने स्वतःच खातरजमा करावी. उत्तर बरोबर की चूक हे सांगायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही, हा या खेळाचा मोठा फायदा. हेच कागदावर ४ + □ = १० असे लिहायचे, पण खेळ चांगला रुळल्यावर. प्रश्नही घरच्या बोलीत विचारावा. अहिराणी बोलणाऱ्या पोराला ‘आखो कितला?’ असे विचारले तर ते बिचकत नाही, आणि नंदुरबारकडे भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांनाही हाच न्याय लागू आहे.

चौकटीची जागा बदलली की अवघडपणाही बदलतो, याकडे सरावपत्रिका छापणारे लक्ष देत नाहीत. चौकट शेवटी असेल तर ती साधी बेरीज. मधे असेल तर मुलाला पुढे मोजत जाता येते. पण आरंभीच असेल तर मोजायला कोठून सुरुवात करावी हेच त्याला कळत नाही. या तिन्ही प्रकारांची खिचडी पहिल्याच पानावर करू नये.

ही उदाहरणे म्हणजे अधूनमधून घालायची कोडी, असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. ८ + ६ ही बेरीज चटकन करणारे मूल मनात आधी ‘आठाला दहा व्हायला किती हवेत?’ हेच विचारते, सहातले दोन तिकडे देते आणि उरलेले चार दहात मिळवते. पुढे ‘३□ + २७ = ६२’ असे हातच्याचे उदाहरण येते, तेव्हा सातात काही मिळवून एककाला दोन उरायचे तर बेरीज बारा हवी, म्हणून चौकटीत ५ आणि हातचा १, ही साखळी त्याच सवयीतून जुळते. आठवडी बाजारात सदतीस रुपयांच्या भाजीसाठी पन्नासची नोट दिली, तर भाजीवाल्या मावशी वजाबाकी मांडत नाहीत. तीन रुपये हातावर ठेवून ‘चाळीस’ म्हणतात आणि वर दहाची नोट देऊन ‘पन्नास’ म्हणतात. मोबाइलने पैसे देण्याची सोय झाल्यापासून मुलांच्या डोळ्यांदेखत होणारा हा हिशेब मात्र कमी झाला.

लहान मुलांना वाचन-लेखन आणि अंकगणिताचा पाया पक्का करून देण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी करता यावी, असे लक्ष्य आहे. लक्ष्य योग्यच आहे; पण तपासणीत फक्त उत्तर पाहिले गेले, तर नियम पाठ करणारे मूल आणि विचार करणारे मूल यांतला फरक कागदावर उमटणार नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस या संख्या ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचायला दिल्या, त्यावरून राज्यभर रण माजले होते. त्याच्या दशांश उत्साहानेही या चौकटीबद्दल कोणी बोलत नाही.

केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, भरणाऱ्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एक तास या विषयाला द्यावा आणि शिक्षकांनी येताना मुलांच्या चुकलेल्या वह्या सोबत आणाव्यात, अशी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे. पालकांना एवढेच सांगणे की १३ लिहिलेले दिसले तर खोडरबर हातात घेण्याआधी ‘हे कसे काढलेस?’ असे विचारावे आणि मुलाचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव