कागद नको, काम बघा

महोदय,

सावंतवाडी म्हटलं की चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली आठवते. माझे मामा त्या आळीतले नव्हेत, जवळच्याच गावात शेती करतात. कुणी न शिकवता वीस वर्षं ते लाकडाचे पक्षी कोरतायत. लावणी आटपली की पडवीत बसतात. पांगाऱ्याचं लाकूड हलकं नि मऊ, पण ओलं कोरलं तर पुढे तडकतं, म्हणून ओंडका आधी माळ्यावर नीट वाळवतात. वाकसाने ढोबळ आकार, मग पटाशी, शेवटी कानस. परवा खंड्या केला. चोच इतकी बारीक, की ती तासताना मामांनी श्वास रोखला होता. धनेश करायचा असला की आजही आधी परसामागच्या वडाखाली जाऊन त्याच्या चोचीवरचं शिंग डोळे भरून बघून येतात.

गेल्या महिन्यात एका हस्तकला प्रदर्शनात त्यांना गाळा नाकारला. का, तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नाही. मामा काही बोलले नाहीत. पक्षी एकेक करून जुन्या धोतरात गुंडाळले नि एसटीने परत आले. मला फार लागलं ते. प्रदर्शनं भरवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, कागद मागण्याआधी कारागिराच्या हातात पटाशी द्या आणि अर्धा तास समोर बसा.

— एक भाची, सावंतवाडी