छायाचित्रणाचा छंद जोडीने करायचा तर

मा. संपादक,
स. न.

नवा कॅमेरा कोणता घ्यावा, यावर वृत्तपत्रांत आणि मोबाइलवर सल्ल्यांना तोटा नाही. दोन जिवलग मित्रांनी हा छंद मिळून करायचा तर आधी काय ठरवून घ्यावे, यावर मात्र कोणी फारसे लिहीत नाही. जोडीने केल्याचे फायदे दोन. लेन्स, फिल्टर, ट्रायपॉड वाटून घेता येतात, आणि आपले फोटो निवडायला एक परका पण विश्वासाचा डोळा मिळतो. दुसरा फायदा पहिल्याहून कितीतरी मोठा आहे. पण वादावादी बहुतेक वेळा पहिल्यावरूनच होते, म्हणून आधी सामानाविषयी.

दोघांच्या बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) एकच असेल तरच लेन्सची देवघेव सुरळीत होते. नुसती कंपनी एक असून भागत नाही. कॅननच्या डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) ईएफ माउंटची लेन्स ॲडॅप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून नव्या मिररलेस (आरसा नसलेल्या) आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. आरएफ लेन्स मात्र डीएसएलआरवर चालत नाही. याचे कारण साध्या मोजमापात आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ईएफमध्ये ४४ मिमी, आरएफमध्ये २० मिमी. उरलेली २४ मिमी जागा ॲडॅप्टरने भरून काढता येते, कमी पडणारी जागा कुठून आणणार? निकॉनचेही तसेच: डीएसएलआरचा एफ माउंट ४६.५ मिमी, मिररलेसचा झेड १६ मिमी. शिवाय निकॉनच्या ज्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या एफची लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड ॲडॅप्टरवर बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. थोडक्यात, एकाकडे डीएसएलआर आणि दुसऱ्याकडे मिररलेस असेल तर देवघेव एकतर्फी राहणार. हे खरेदीआधी दोघांना माहीत असलेले बरे.

माउंट जुळला की एकाच फोकल लेंग्थची लेन्स दोघांनी घेऊ नये. एकाने २४-७० मिमीची घेतली तर दुसऱ्याने ७०-२०० मिमीची किंवा अगदी जवळून टिपणारी मॅक्रो घ्यावी. फिल्टर दोघांकडच्या सगळ्यांत मोठ्या लेन्सच्या व्यासाचा, बहुधा ७७ मिमीचा, एकच घ्यावा आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंगने (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कडीने) जोडावा. उलट केले, म्हणजे मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर चढवला, की चौकटीचे कोपरे काळे पडतात. स्टेप-अप रिंग लावल्यावर लेन्सचा मूळ हूड (तिरपे ऊन अडवणारी झापड) सहसा बसत नाही. तेव्हा उन्हाच्या तिरिपेला हाताची सावली धरायला मित्र आहेच. ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायच्या प्लेटी दोघांनी एकाच पद्धतीच्या, शक्यतो आर्का-स्विस, घ्याव्यात. ऐन सूर्यास्ताला प्लेट बदलत बसण्यासारखा वैताग नाही.

मित्राचा कॅमेरा हातात घेतल्यावर पहिला फोटो काढण्याआधी काही गोष्टी पाहायच्याच. व्ह्यूफाइंडरमधले आकडे पुसट दिसत असतील तर लेन्समध्ये बिघाड नाही. शेजारचे बारीक डायॉप्टरचे चाक मालकाच्या नजरेला जुळवलेले असते. ते फिरवून आकडे स्वच्छ दिसू लागले की पुढे जावे, आणि परत देताना सांगून द्यावे, नाहीतर त्याला वाटते फोकस बिघडला. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) शून्यावर आहे का, आयएसओ कालच्या रात्रीच्या ६४०० वर तर अडकलेला नाही ना, ब्रॅकेटिंग (एकच चौकट कमी-जास्त उजेडात लागोपाठ टिपणे) चालू नाही ना, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची माहिती) आहे की नुसती लहान जेपेग, हे पाहावे. बटण अर्धे दाबूनही फोकस हलत नसेल तर आधी लेन्सवरची एएफ-एमएफ पट्टी पाहावी. ती ठीक असेल तर मालकाने मागच्या बटणाने फोकस करण्याची सोय लावलेली असणार.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत छायाचित्रकाराचे नाव भरून ठेवता येते आणि ते प्रत्येक फाइलच्या आत लिहिले जाते. म्हणजे मित्राच्या कॅमेऱ्यावर तुम्ही काढलेला उत्तम फोटो त्याच्या नावाने स्पर्धेला जाऊ शकतो. फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो, कॅमेऱ्याच्या मालकाचा नव्हे. पण फाइल वेगळेच बोलत असेल तर निष्कारण खुलासे करत बसावे लागते. उसन्या कॅमेऱ्यात ते नाव आधी बदलावे. कार्ड मात्र आपलेच घालावे आणि त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे, अर्थात आधीचे फोटो उतरवून घेतल्यावरच.

दोघे एकाच कार्यक्रमाचे फोटो काढणार असतील तर घड्याळे जुळवणे सर्वांत महत्त्वाचे. कॅमेऱ्यांची घड्याळे महिन्यागणिक काही सेकंद सरकतात, आणि फोटो एकत्र करून वेळेनुसार लावले की हार आधी आणि स्वागत नंतर अशी गंमत होते. उपाय सोपा आहे: सुरुवातीला दोघांनीही एकाच मोबाइलवरच्या सेकंदकाट्याचा एकेक फोटो काढून ठेवावा. पुढे फरक दिसला तर त्या दोन फोटोंवरून नेमका किती ते कळतो आणि लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइलींची वेळ एकदम दुरुस्त करता येते. दोन्ही कॅमेऱ्यांत फाइलींची नावे ‘आयएमजी’ने सुरू होत असतील तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या फाइली पुसून टाकू शकतात; त्यामुळे फोल्डर वेगळे ठेवावेत किंवा नावाची पहिली अक्षरे मेनूतून बदलावीत. व्हाइट बॅलन्सही (प्रकाशाच्या रंगानुसार पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली जुळणी) दोघांनी ऑटोवर न ठेवता एकाच आकड्यावर, भर उन्हात ५६०० केल्व्हिनच्या आसपास, ठेवावा. तरीही दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतले त्वचेचे रंग थोडे वेगळे येतातच. रेडिओ ट्रिगरने, म्हणजे दुरून बिनतारी, फ्लॅश वापरत असाल तर चॅनेल वेगवेगळे ठेवा, नाहीतर एकाने बटण दाबले की दुसऱ्याचाही फ्लॅश उडतो.

आता मुख्य गोष्ट, निवड. फेरीनंतर कार्डांची अदलाबदल करावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या फोटोंतून दहाच निवडावेत. फोटो काढणाऱ्याला त्या क्षणामागची धडपड आठवते, तासभर थांबून मिळालेली चौकट टाकवत नाही. मित्राला समोर दिसते तेवढेच दिसते. मात्र निवड होईपर्यंत काढणाऱ्याने तोंड उघडायचे नाही, ‘इथे प्रकाश फार कमी होता’ हेसुद्धा नाही. पहिली चाळणी लहान आकारात करावी, त्यात रचना कळते. दुसरी १०० टक्के मोठे करून, त्यात धार कळते. धूसर फोटोचे निदानही इथेच होते. सगळी चौकट एकाच दिशेने ओढल्यासारखी असेल तर हात हलला. २०० मिमीच्या लेन्सला फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) निदान १/२०० आणि एपीएस-सीवर (लहान सेन्सरवर) १/३०० सेकंद शटर हवा. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस फरफटलेला असेल तर शटर त्याच्या हालचालीला कमी पडला, पळत्या मुलांना १/५०० पासून पुढे लागतो. कान धारदार आणि डोळा मऊ असेल तर फोकसबिंदू चुकीच्या जागी बसला. कॅमेऱ्यावर सोपवून न देता तो स्वतः डोळ्यावर ठेवावा.

‘कसा वाटला?’ या प्रश्नाला मित्र ‘छान’ म्हणणारच. त्याऐवजी ‘नजर आधी कुठे गेली?’ असे विचारावे. चेहऱ्याऐवजी तो कडेच्या पांढऱ्या पिशवीकडे बोट दाखवत असेल तर दोष सापडला. हे सगळे मोठ्या पडद्यावरच करावे. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवले की आकार आक्रसतो आणि एक्स्पोजरची माहितीही गळून पडते. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

अधूनमधून एकच रॉ फाइल दोघांनी वेगवेगळी संस्कारित करून पाहावी. लाइटरूम वापरत असाल तर केलेले बदल त्याच नावाच्या एक्सएमपी या लहान फाइलीत साठवून तीही रॉ फाइलीसोबत द्यावी. दोघांचे पडदे सारख्या उजेडाचे, साधारण दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला (उजेडाचे एकक), नसतील तर तुलना व्यर्थ. झगझगीत पडद्यावर जुळवलेला फोटो छापल्यावर काळवंडतो.

बॅकअपसाठी तर जोडीसारखी सोय नाही: एकाची प्रत दुसऱ्याच्या घरी. हार्ड डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली की विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येते.

लेन्स परत आली की बॅगेत टाकण्याआधी एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स इतरांपासून लगेच वेगळी ठेवावी आणि लवकर साफ करून घ्यावी, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि तो डाग जात नाही. सामायिक सामान ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या बंद डब्यात, सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापकासह ठेवावे.

शेवटी आपल्याला एक विनंती. वाचकांची छायाचित्रे छापताना खाली नावाबरोबर लेन्स, शटर, ॲपर्चर आणि आयएसओ हे चार आकडे द्यावेत. आणि कधीतरी एकाच ठिकाणी, एकाच वेळी दोन मित्रांनी काढलेली दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, दोघांनी एकमेकांची निवडलेली.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी वाचक