भीड चेपायला वेळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशानुसार प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येते, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावरच राहते. या आदेशावर बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. पण घरी आणलेले कुत्रे जिन्यात, लिफ्टमध्ये आणि सोसायटीच्या आवारात रुळणार कसे, याचा विचार त्यात फारसा दिसला नाही. असे कुत्रे पळून जाते किंवा कंटाळून परत सोडले जाते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा त्याचा न गेलेला बुजरेपणाच असतो, असे माझे निरीक्षण आहे.

आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने आणलेली गावठी कुत्री रिक्षा-टेम्पोंच्या गर्दीतून बिनधास्त वाट काढणारी; पण लिफ्टच्या दारात ती चारही पाय रोवून उभी राहायची. शेपूट पायांत, कान मागे, सतत ओठ चाटणे आणि झोप आलेली नसतानाही जांभया देणे, ही सगळी भीतीचीच लक्षणे होती. बघणाऱ्यांचा सल्ला एकच असायचा, ‘ओढा हो, दोन दिवसांत सवय होईल’, आणि एकदा तर वॉचमनने तिला मागून ढकलूनही पाहिले. ओढून आत नेलेले कुत्रे गप्प उभे राहिले म्हणजे ते रुळले, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते भीतीने थिजलेले असते आणि पुढच्या वेळी लिफ्ट लांबून दिसताच मागे फिरते. त्या कुटुंबाने मग दुपारच्या शांत वेळी लिफ्टपासून चार-पाच पावलांवर बसून तिला उकडलेल्या अंड्याचे तुकडे द्यायला सुरुवात केली. तिथे ती निवांत खाऊ लागल्यावर उंबऱ्याजवळ, नंतर दार उघडे ठेवून आत-बाहेर आणि शेवटी फक्त एक मजला, असा क्रम ठेवला. तिने आवडीचा तुकडा नाकारला की आपण फार जवळ आलो, असे समजून ते मागे सरत. कुत्रे खाते की नाही, यावरून त्याची मनःस्थिती घरच्या कोणालाही कळू शकते.

घरातही हेच धोरण हवे. गुळगुळीत फरशीवर पाय घसरल्याने नवे कुत्रे बिचकते, म्हणून त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर चटई किंवा जुनी सतरंजी टाकावी आणि कोणी हात लावणार नाही असा एक कोपरा त्याच्यासाठी राखावा. पहिले काही दिवस पाहुण्यांना बोलावू नये. घाबरलेले कुत्रे मागे रेटून गळ्यातला पट्टा सहज काढून टाकते, त्यामुळे बाहेर नेताना छातीभोवती नीट बसणारा हार्नेस असावा. घाबरल्यावर जवळ घेतले तर ते लाडावते आणि भित्रे होते, ही समजूत चुकीची आहे. गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही मारू नये; गुरगुरणे ही पूर्वसूचना असते आणि ती दाबली गेली, तर थेट चावाच मिळण्याचा धोका असतो.

पिल्लांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सर्वांत सहज स्वीकारते. नेमक्या याच काळात लसीकरण पूर्ण व्हायचे म्हणून त्याला घरात कोंडले जाते. पार्व्हो या पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती खरी आहे, त्यामुळे इतर कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडू नये, हे योग्यच. परंतु पशुवैद्यकांच्या सल्ल्याने त्याला कडेवर घेऊन बाजाराच्या तोंडाशी, शाळा सुटताना फाटकाजवळ किंवा बसथांब्यावर थोडा वेळ उभे राहायला हरकत नसते. प्रेशर कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा हे सगळे त्याला लहानपणीच दिसलेले बरे.

राहता राहिले शेजारी. पाळीव कुत्र्यांना लिफ्टमध्ये सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. सामान वाहण्याच्या लिफ्टचा पर्याय सोसायटीने सुचवला तर त्यावरून वाद घालू नये, या मताचा मी आहे. तिथे वर्दळ कमी असल्याने बुजऱ्या कुत्र्याला ती उलट सोयीची पडते. मुलांना मात्र घरच्यांनी सांगायला हवे की, अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर वरून हात नेऊ नये, त्याच्याकडे टक लावून पाहू नये आणि त्याला स्वतःहून येऊन वास घेऊ द्यावा.

महापालिकांनी दत्तक देताना लसीकरणाच्या आणि नसबंदीच्या कागदपत्रांसोबत पहिल्या महिन्याच्या काळजीचे एक पानी मराठी पत्रक द्यावे आणि शंका विचारण्यासाठी पशुवैद्यकीय विभागाचा दूरध्वनी क्रमांक त्यावर छापावा. दिवाळीच्या तोंडावर, फटाके सुरू झालेले असताना, कुत्रे नव्या घरी पाठवू नये, एवढी दक्षताही या विभागाने घ्यावी.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे