प्रश्न विक्रमाचा नाही, नोंदीचा आहे

माननीय संपादक,
स. न.

नेटफ्लिक्सवरील ‘द मॅन विथ 1000 किड्स’ या तीन भागांच्या माहितीपटाविषयी आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. त्यात सगळा भर वीर्यदान करून शेकडो मुलांचा जनक झालेल्या त्या डच गृहस्थाच्या ‘विक्रमा’वर होता, याचे वाईट वाटले. मी चोवीस वर्षे वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. व्यवस्था नेमकी कुठे फसली, हे वाचकांना कळायला हवे होते.

एका दात्यापासून 25 पेक्षा जास्त मुले होऊ नयेत, असा दंडक नेदरलँड्समध्ये होता. पण हा गृहस्थ अकरा क्लिनिकांत गेला आणि एकीकडची नोंद दुसरीकडे कोणालाच दिसत नव्हती. 2017 मध्ये तिथल्या क्लिनिकांतून त्याची 102 मुले झाल्याचे उघड झाले आणि ती दारे बंद झाली. तरी इंटरनेटवरून थेट स्त्रियांना व जोडप्यांना गाठणे आणि परदेशात दान करणे त्याने सुरूच ठेवले. अखेर 28 एप्रिल 2023 रोजी हेगच्या न्यायालयाने त्याला नव्या पालकांसाठी वीर्यदान करण्यास मनाई केली आणि प्रत्येक उल्लंघनामागे एक लाख युरो दंड ठरवला. तोवर मुलांची संख्या किमान साडेपाचशेवर गेली होती. महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढ्या त्या देशात यांतली दोन मुले उद्या एकमेकांच्या प्रेमात पडली, तर आपण भावंडे आहोत हे त्यांना कोण सांगणार?

आमच्याकडे दात्याचा नमुना आला की कुपीवर नाव नव्हे, सांकेतिक क्रमांक पडे. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ती सहा महिने नुसती थांबे. मग दात्याला पुन्हा बोलावून एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांच्या चाचण्या होत, आणि त्या निर्दोष आल्यावरच कुपी बाहेर निघे. फेसबुकवर ओळख काढून हॉटेलच्या खोलीत दिलेल्या डबीला हे सहा महिने मिळत नाहीत, क्रमांकही मिळत नाही. महाभारतातल्या नियोगातसुद्धा व्यासांचे नाव कुटुंबाला ठाऊक होते. इथे आईच्या हाती पुष्कळदा उरते ते एक टोपणनाव.

आपल्याकडे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, 2021 अन्वये वीर्यपेढी एका दात्याचे वीर्य एकाहून अधिक जोडप्यांना देऊ शकत नाही. दाता 21 ते 55 वर्षांचा असावा लागतो. एका दात्यामागे एकच जोडपे, हा नियम डच दंडकापेक्षा कितीतरी कडक आहे. मात्र दोन पेढ्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या नाहीत, तर तोही कागदावरच राहील. शिवाय, घरात कळेल या धास्तीने पेढीची पायरी न चढणारी जोडपी मी पाहिली आहेत. ती माणसे आडवाटेला लागतात ती हौसेने नव्हे.

म्हणून विनंती, की आपल्या आरोग्य पुरवणीत नोंदणीकृत पेढी कशी ओळखावी, दात्याच्या कोणत्या चाचण्या झाल्याचे विचारावे आणि गोपनीयता कशी राखली जाते, याची माहिती एखाद्या रविवारी सविस्तर छापावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नाशिक